मधला आवाज

"माझं," मी हात वर केला. सकाळपासून नववी वेळ.

ड्रमवाल्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या. बेसवाल्यानं तारांवर तळहात दाबला आणि खोलीतला तो जड आवाज विझला. आमच्या बँडमध्ये चुकणाऱ्याला कुणी काही बोलत नाही. ज्याचं चुकलं त्यानं हात वर करायचा, 'माझं' म्हणायचं, आणि सगळ्यांनी पहिल्यापासून सुरू करायचं. हा नियम म्होरक्यानं तेहेतीस वर्षांपूर्वी घातला. तो म्हणायचा, कोण चुकलं ते शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात गाणं पुन्हा वाजवून होतं. इतक्या वर्षांत रेकॉर्डिंगला मी हात वर केला असेल तो चार-पाच वेळा. आणि आज एका गाण्यात नऊ.

"ताई, सुरुवात झकास होती," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "दुसऱ्या कडव्यात घसरलात."

"घसरले ते कळलं मला. कान शाबूत आहेत अजून."

तो बिचारा आपल्या बटणांकडे वळला. त्याच्यावर खेकसायचं काही कारण नव्हतं, पण दुसरं कुणी हाताशी नव्हतं. ज्याच्यावर मी एरवी हक्कानं खेकसले असते तो भिंतीशी खुर्चीवर बसला होता, गळ्याभोवती मऊ रुमाल गुंडाळून, मांडीवर लहान मुलांची पाटी घेऊन. त्यानं पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला आणि पाटी माझ्याकडे वळवली. 'पुन्हा.'

आमच्या या म्होरक्याच्या घशाचं चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाठ काढली आणि गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली. जीव राहिला, आवाज गेला. आता तो रुमालाखालच्या भोकातून श्वास घेतो आणि बोलायचं ते लिहून बोलतो. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाही, त्याच्यावर ही वेळ यावी. मी हे त्याला तोंडावर म्हटलं होतं. त्यानं पाटीवर लिहिलं, 'आता तू बोलून घे.'

बँडला तेहेतीस वर्षं झाली म्हणून आमची जुनी नऊ गाणी नव्यानं रेकॉर्ड करायची असं ठरलं होतं. आठ झाली, त्याच्याच आवाजात. नववं त्यानं मुद्दाम मागे ठेवलं. ताटातलं गोड शेवटी खायची सवय त्याला पहिल्यापासून आहे. पण आठव्या आणि नवव्या गाण्याच्या मध्ये ते ऑपरेशन आलं, आणि सगळ्यांना आवडणारं, त्याला स्वतःला सगळ्यात आवडणारं गाणं तेवढं राहून गेलं. कोण गाणार म्हणून विचारलं तेव्हा त्यानं पाटीवर लिहिलं, 'ती.' मी म्हणाले, मला नाही जमणार. त्यानं आधीचं पुसून लिहिलं, 'तीच.' पहिल्या दिवसापासूनचे आता आम्ही दोघंच उरलोय, त्यामुळे नाही म्हणायला मला जागा नव्हती. परवापासून त्याला रेडिएशनसाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं, सहा आठवडे. त्याची बायको मला दारात गाठून म्हणाली, "पुढचं वर्ष कुणी पाहिलंय? त्याला एकदा ते ऐकू दे." एवढं साधं होतं सगळं. एक गाणं, चार मिनिटं, आणि मला येत नव्हतं.

ही खोली पूर्वी बर्फाच्या कारखान्याची होती. भिंती हातभर जाड, त्यामुळे बाहेरचा रस्ता आत येत नाही. आम्ही सगळी रेकॉर्डिंगं अशीच एका खोलीत, एका दमात करतो. हल्ली असं कुणी करत नाही. हल्ली एक जण सोमवारी येऊन ड्रम वाजवून जातो, दुसरा गुरुवारी येऊन गातो, आणि दोघांची आयुष्यात गाठ पडत नाही. सहाव्या चुकीनंतर रेकॉर्डिंगवाल्यानं सुचवून पाहिलं होतं की आधी वाजवणाऱ्यांचं घेतो, मग ताईंचं एकटीचं ओळ ओळ करून घेऊ, कुणाच्या बापाला कळणार नाही. म्होरक्यानं पाटीवर 'नाही' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मला का येत नव्हतं ते सांगायचं तर मी काय गाते ते आधी सांगायला हवं.

आम्ही रेगे वाजवतो. दूरच्या एका बेटावर जन्मलेलं हे संगीत, आमच्या म्होरक्याला विसाव्या वर्षी चावलं ते उतरलंच नाही. बाकीच्या गाण्यांत माणूस जिथं पाय आपटतो तिथं आमचा गिटारवाला गप्प असतो आणि पुढच्या मोकळ्या जागेत हळूच 'चक' करतो. बेस पुढे चालतो आणि बाकीचे त्याच्या मागून रमतगमत जातात. घाई कुणालाच नसते. पुढे म्होरक्या गातो आणि त्याच्या मागे आम्ही तिघं: एक वरचा आवाज, एक खालचा आणि एक मधला. मधला मी.

मधला आवाज कुणाला ऐकू येत नाही. वरचा चमकतो, खालचा घुमतो, मधला नुसता असतो. तो काढून टाकला तर गाणं ओकंबोकं वाटतं, पण काय गेलं ते कुणाला सांगता येत नाही. वरच्या आवाजाच्या माझ्यासमोर सात जणी झाल्या. आत्ता आहे तिला आम्ही शिट्टी म्हणतो, आणि तिलाही ते आवडतं. खालचे पाच झाले. आताचा खालचा एका बँकेचा रखवालदार आहे, दारात उभा राहून तो दिवसभर मनात सराव करतो म्हणे. या सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या ओळी मी शिकवल्या. माझी ओळ मात्र कुणाला शिकवायची वेळ आली नाही, कारण मी कुठं गेलेच नाही.

बाकी सगळे गेले. तेहेतीस वर्षांत एकोणीस माणसं आली आणि गेली. पहिल्या ड्रमवाल्याला बायको म्हणाली, एक तर मी, नाहीतर ड्रम, आणि घर खरंच लहान होतं. दुसरा बेसवाला दौऱ्यावर एका गावात चहाला उतरला तो गाडीत परत चढलाच नाही. तिथल्या बेकरीवालीच्या प्रेमात पडला. अजून तिथं पाव भाजतो आणि आम्ही त्या रस्त्यानं गेलो की दोन पिशव्या भरून देतो. एक गिटारवाला दुसऱ्या बँडनं पळवला. त्यानं जाताना आमचा अ‍ॅम्प्लिफायर पळवला. मला वाईट वाटलं ते अ‍ॅम्प्लिफायरचं.

दर उन्हाळ्यात सहा आठवडे आमचा दौरा असायचा. एकदा सात माणसांपुढे वाजवलं, त्यातले दोघं हॉलचे कर्मचारी, आम्ही थांबलो की कुलूप लावायला उभे. एकदा चार हजारांपुढे वाजवलं, पण ते आमच्यानंतर येणाऱ्याची वाट बघत होते. मी चष्म्याच्या दुकानात कामाला होते. लोकांच्या नाकावर आणि कानांवर चष्मा नीट बसवून द्यायचं माझं काम. मालक दर वर्षी बिनपगारी रजा द्यायचे आणि दर वर्षी विचारायचे, "अजून आहे का ते चालू?" जसा काही मला जुना खोकला होता. घरी नवरा लेकीला सांभाळायचा. तो घरोघर फिरून पाण्याची मीटरं वाचायचा. सुरात नाही, पण माणूस सोन्यासारखा.

तर तेहेतीस वर्षं मी मधली ओळ गायले. भाजी चिरताना तीच, कपडे वाळत घालताना तीच. आता मला मुख्य ओळ गायला उभं केलं की पहिलं कडवं निभतं, कारण तिथं म्होरक्या एकटाच गातो. दुसऱ्या कडव्यात मागचे आवाज सुरू होतात, आणि माझा गळा आपोआप मुख्य वाट सोडून आपल्या रोजच्या गल्लीत शिरतो. मला कळतं, पण कळेपर्यंत शिरून झालेलं असतं.

या ओळीनं एकदा मोठा घोटाळा केला होता, तोही इथंच सांगते. सांगायला बरा वाटत नाही.

गाण्याचे शब्द साधे आहेत. 'सावकाश ये, दिवा जळतो आहे. घाई कशाला, दार उघडं आहे.' लेक लहान असताना मी तिला हेच गाणं म्हणून निजवायची. अर्थात मधल्या ओळीत. मला दुसरी येत कुठं होती? आणि मी दौऱ्यावर असले की ती ते एकटीच म्हणत झोपायची, असं नवरा सांगायचा. ती आठ वर्षांची असताना शाळेत गाण्यांचा कार्यक्रम होता. ती उभी राहिली आणि आईचं गाणं म्हणते असं सांगून तिनं ते म्हटलं, मधल्या ओळीत, एकटीनं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाणं तोवर रेडिओवर लागून घरोघरी पोचलं होतं. वर्ग हसायला लागला. बाई म्हणाल्या, बाळ, चाल चुकतेय. ही म्हणाली, "माझ्या आईचंच गाणं आहे, मला माहीत आहे चाल." मग तर हसू थांबेना.

मी त्या दिवशी चारशे किलोमीटरवर होते. नवऱ्यानं फोनवर सांगितलं. आणि मी हसले. आई म्हणून आधी पोटात तुटायला हवं होतं, पण मी आधी हसले. गाडीत येऊन सगळ्यांना सांगितलं, ते हसले. म्होरक्या तर पोट धरधरून हसला. मग तो आमचा ठरलेला किस्सा झाला. नवा माणूस बँडमध्ये आला की पहिल्या दौऱ्यात त्याला ऐकवायचा. लेक बारा वर्षांची असताना एकदा जवळच्या कार्यक्रमाला गाडीत बरोबर होती, आणि कुणीतरी तिच्यादेखत तो सांगितला. मी थांबवलं नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानंतर ती कधी गायली नाही आणि आमच्या कार्यक्रमांनाही आली नाही. भांडली असती तर मी समजूत काढली असती. ती भांडलीच नाही, नुसती येईनाशी झाली.

आज ती आली ती गोळ्या घेऊन.

रक्तदाबाची गोळी मी सकाळी घरी विसरले होते. तिच्या वडिलांनी तिला शाळेतून परस्पर इकडं पिटाळलं. ती मोठ्या वर्गांना रसायन शिकवते. पेपरांचा गठ्ठा काखेत, एका हातात गोळ्यांची डबी. नवव्या आणि दहाव्या वेळेच्या मधे दार उघडलं तेव्हा आत आली.

"बाबा म्हणाले, समोर उभी राहून घ्यायला लाव."

"त्यांना सांग, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"ते तूच सांग त्यांना. पाणी कुठं आहे?"

मी गोळी घेतली. तेवढ्यात रेकॉर्डिंगवाल्यानं लाल दिवा लावला. दिवा लागला की दार बंद, मग आत अडकलेल्यानं अडकायचं. ती कोपऱ्यात एका खोक्यावर बसली आणि लाल पेन काढून पेपर तपासायला लागली. मला वाटलं, बरं झालं, लक्ष नाही. आणि वाटलं, लक्ष असतं तर बरं झालं असतं. दोन्ही एकदम वाटलं.

दहाव्या वेळी मी दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या शब्दाला घसरले.

"माझं."

गिटारवाल्यानं घड्याळ पाहिलं. त्याला उद्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. शिट्टी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मावशी, ताण घेऊ नका." ताण घेऊ नका म्हटल्यानं आजवर कुणाचा ताण गेलाय? मी म्होरक्याकडे बघितलंच नाही. बघवत नव्हतं. मी म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी घ्या रे. माझ्याच्यानं याचं वाटोळं व्हायला नको."

"तुझी जागा रिकामी आहे ना, म्हणून तू तिकडं जातेस."

लेक बोलली होती. मान पेपरातच.

"काय म्हणालीस?"

तिनं पेनाला टोपण लावलं. "अगं, मागं तुम्ही तिघं असायचात. वरचा आहे, खालचा आहे, मधे खड्डा आहे. तो तुला सहन होत नाही. तू भरायला जातेस. घरी पण तेच करतेस. कुणाचं ताट राहिलं की तू उठलीच. तिथं कुणी उभं केलं तर तू नाही जाणार."

ड्रमवाला म्हणाला, "पोरगी बरोबर बोलतेय."

आमच्यात चाळीस-चाळीस वर्षं वाजवलेली माणसं होती आणि सकाळपासून एकाच्याही टाळक्यात हे आलं नव्हतं. 'मधला नसला तरी चालेल या गाण्याला, कोण ऐकतंय' असं मीच ठरवून टाकलं होतं. मधल्याला किंमत नाही हे मधल्यालाच सगळ्यात आधी पटतं.

"मी गाते मधलं," शिट्टी म्हणाली. मी तिला ओळ गाऊन दाखवली. तिनं म्हणून बघितली. चार शब्द बरे गेले आणि पाचव्याला तिचा आवाज वर उडाला. पुन्हा बघितलं, पुन्हा उडाला. ती ओळ मुद्दाम धरावी तर हाताला लागत नाही, ऐकत ऐकत अंगात मुरावी लागते. "दोन दिवस द्या मला," ती रडवेली होऊन म्हणाली. दोन दिवस नव्हते.

मग जो तो जमिनीकडे बघायला लागला, आणि सगळ्यांना एकच गोष्ट सुचली होती हे मला स्पष्ट कळलं. ती ओळ अंगात मुरलेलं आणखी एक माणूस खोलीत होतं. खोक्यावर बसलेलं. पण तिला विचारायला तोंड कुणाला होतं? जी ओळ म्हटली म्हणून आम्ही वर्षानुवर्षं हसलो, तीच आता आमची अडली म्हणून म्हण, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

म्होरक्या उठला. पाटी त्यानं खुर्चीवर ठेवली. मला वाटलं, पाणी प्यायला निघालाय. तो हळूहळू खोली ओलांडून लेकीसमोर जाऊन उभा राहिला, आणि त्यानं हात वर केला.

तिला आधी कळेना. "काय हवंय काका?" तिनं विचारलं. तो तसाच उभा. 'माझं' म्हणायला त्याच्याकडे आवाज नव्हता. हात तेवढा वर, पूर्ण, शाळेतल्या मुलासारखा.

आमचा हा नियम तिला लहानपणापासून माहीत. आमच्या घरी दूध सांडलं तरी हात वर व्हायचा. तिचा चेहरा हळूहळू बदलला. तेव्हा ड्रमवाल्यानं दोन्ही काठ्या एका हातात घेतल्या आणि दुसरा वर केला. "माझं," तो म्हणाला. "तुझ्यादेखत गाडीत सांगितलं होतं ना, तो मीच." बेसवाला आमच्यात येऊन जेमतेम चार वर्षं झालीत, त्याचा काही संबंध नव्हता. त्यानंही हात वर केला. "मला नंतर सांगितलं यांनी," तो म्हणाला. "हसलो होतो मी पण. माझं."

माझा हात सगळ्यात शेवटी वर गेला. सकाळपासून दहा वेळा गेला होता, पण या वेळी तो मला फार जड लागला. "माझं," मी म्हणाले. "बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी हसले. तुला कसं वाटलं असेल ते मी विचारलंच नाही. आल्यावरही नाही विचारलं. मग विचारायची लाज वाटत गेली." बावीस वर्षं हे माझ्या आत बसून होतं आणि बाहेर यायला एवढीशीच वाक्यं लागली.

पेपरांचा गठ्ठा तिनं दोन्ही हातांनी सारखा केला, पुन्हा सारखा केला. डोळे भरले होते, पण ती माझी लेक आहे, चारचौघांत रडणार नाही.

"हात खाली घ्या सगळे," ती शेवटी म्हणाली. "वर्गात आल्यासारखं वाटतंय." मग जरा थांबून, "मी कधीची गायलेली नाहीये. आणि माझी चाल चुकीची आहे, माहीत आहे ना?"

म्होरक्या लगबगीनं खुर्चीशी गेला. पाटीवर खरडून त्यानं तिच्यासमोर धरलं. 'बरोबर आहे.'

तिनं ते वाचलं. गठ्ठा आणि खांद्यावरची पर्स खोक्यावर ठेवली आणि शिट्टी आणि खालचा यांच्या मधे, माझ्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिथं माझ्या उंचीला लावलेला माइक अजून तसाच होता. रेकॉर्डिंगवाल्यानं बाहेर येऊन तो चार बोटं वर केला. ती बापाच्या उंचीवर गेलीय.

पहिला प्रयत्न दुसऱ्या कडव्यापर्यंत इतका छान गेला की मला भीती वाटायला लागली. तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. तिचा बाप, गोळी घेतली का विचारायला. ड्रम थांबले. तिनं सगळ्यांकडे बघितलं, कान लाल झाले, आणि हात वर गेला.

"माझं."

आम्ही हसलो. तीही हसली. म्होरक्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, काडीचाही आवाज न होता. तिनं फोन बंद करून गठ्ठ्याखाली सरकवला.

पुन्हा लाल दिवा. पुन्हा बेस चालायला लागला, आपल्या चालीनं. म्होरक्यानं खुर्ची ओढून माझ्या समोर आणली होती, दोन हातांवर. पहिलं कडवं मी त्याला बघत गायलं. दुसरं आलं. 'घाई कशाला' पाशी माझा गळा नेहमीसारखा गल्लीकडे वळायला निघाला, आणि तिथं आधीच कुणीतरी होतं. मला आत शिरायला जागाच नव्हती. मी मुख्य वाटेनं पुढे गेले.

मागून ती ओळ येत होती. मी ती तेहेतीस वर्षं गायले होते, पण ऐकली कधीच नव्हती. ज्यात माणूस उभा असतो ते त्याला दिसत नाही. तिचा आवाज माझ्यापेक्षा थोडा कोरडा आहे, पण वळणं माझी, थांबायच्या जागा माझ्या, एका शब्दावर मी उगाच किंचित रेंगाळते तेही जसंच्या तसं. किती साधी ओळ होती. आणि किती चांगली. असं होतं तर ते, मला वाटलं. मी जन्मभर हे करत होते. वाईट नव्हतं. मला इतका आनंद झाला की आवाज कापेल असं वाटलं, म्हणून मी म्होरक्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. त्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते, एकेका शब्दाला.

शेवटची ओळ आली. 'सावकाश ये.' यातला शेवटचा 'ये' तो लांबवायचा, आणि किती लांबवायचा ते त्यानं कधीच ठरवलं नाही. कुठं दोन ठोके, कुठं वीस. आम्ही मागे उभे राहून त्याच्या खांद्यांकडे बघायचो. खांदे वर आहेत तोवर धरायचं, खाली आले की सोडायचं. आज मी पुढे होते आणि तो माझ्या समोर होता, तोंड उघडं, मान किंचित मागे, खांदे वर.

मी सूर धरला. ड्रम थांबले. बेस थांबला. त्याचे खांदे वरच होते. शिट्टीचा दम संपला, मग खालच्याचा संपला. खोलीत लेकीचा आणि माझा असे दोनच आवाज उरले. माझं वय एकोणसाठ आहे, छातीत आता काही राहिलं नव्हतं, पण तो अजून गात होता तर मी सोडणार कशी? मागून तिनं तिचा सूर किंचित भरून दिला, ढळू दिला नाही, आणि मी त्याच्यावर भार टाकून उभी राहिले. बराच वेळ. मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले, आणि आम्ही दोघी थांबलो.